नर्मदा ओलांडली, पण मुलूख उठला नाही



१८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांनी होशंगाबादच्या वरच्या बाजूस नर्मदा ओलांडली. रोख नागपूरकडे होता. भोसल्यांचे ते राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले होते. पेशव्यांच्या नावाने दक्षिण पेटेल, ही त्यांची आशा. परंतु दिल्ली, झाशी, ग्वाल्हेर आधीच पडले होते, घाटवाटा इंग्रजांनी अडवल्या होत्या, आणि मुलूख उठला नाही. मुलताईहून तात्यांना पश्चिमेकडे वळावे लागले. १ डिसेंबरला छोटा उदेपूर येथे पराभव झाला. १८ एप्रिल १८५९ रोजी शिप्री येथे त्यांना फाशी दिले गेले.

त्यांच्या धाडसाबद्दल आम्हांला शंका नाही. पण १८१८ मध्ये बुडालेल्या पेशवाईने गावकुसाबाहेरच्या माणसाला काय दिले होते? मग त्या हाकेत त्याच्यासाठी काय होते?

विठ्ठलवाडीतल्या आपल्या मुलांना सनावळी पाठ असते. हा प्रश्नही विचारायला शिकवा. संप असो वा वस्तीचा मोर्चा, नुसत्या मोठ्या नावावर माणसे येत नाहीत. ज्याला हाक मारायची, त्याच्या भाकरीचे आणि मानाचे त्या हाकेत काही असावे लागते.