एक छिद्र की चार?

पित्ताशयात खडे झाले की पूर्वी पोटावर लांबलचक चीर द्यावी लागे. १९८५ साली जर्मनीत डॉ. एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढलं. आता रोबोही मदतीला आलाय. तो स्वतः कापत नाही हं! जवळच बसलेले डॉक्टर त्याचे हात चालवतात.

नेहमीच्या पद्धतीत पोटावर चार छिद्रं, प्रत्येक साधारण ८ मिलिमीटरचं. नव्या पद्धतीत बेंबीपाशी एकच, पण सुमारे २५ मिलिमीटरचं.

एकच बरं, नाही का? थांबा, गणित करा! ८ चोक ३२. वाचले अवघे ७ मिलिमीटर.

व्रण बेंबीत लपतो, हा फायदा खरा. काहींना दुखतंही थोडं कमी. पण एकाच दारातून सारी अवजारं शिरली की एकमेकांना अडतात. शिवाय मोठ्या छिद्राच्या जागी पुढे हर्निया होण्याचा धोका वाढतो.

म्हणून पालकहो, "व्रण दिसेल का?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "डॉक्टर, या पद्धतीचा तुम्हांला सराव किती?" व्रण कपड्याखाली झाकता येतो, आतली चूक झाकता येत नाही!