पत्रकातले स्वातंत्र्य
जनसंपर्क संस्थांच्या निवेदनांत कामगार कधी घरी बसविले जात नाहीत. फक्त कारखान्याची ‘पुनर्रचना’ होते! ही विद्या जुनी आहे. २० एप्रिल १९१४ रोजी अमेरिकेतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर राज्याच्या सैनिकांनी गोळीबार केला. तंबू पेटले आणि खड्ड्यात दडलेल्या २ स्त्रिया व ११ मुले गुदमरून मेली. खाणकंपनीचे सूत्रधार धाकटे रॉकफेलर यांनी मग आयव्ही ली या जनसंपर्कतज्ज्ञास नेमले. हा झगडा ‘औद्योगिक स्वातंत्र्या’साठी आहे, असे त्याच्या पत्रकांनी देशाला समजाविले, कामगार पुढाऱ्यांचे पगारही फुगवून छापले. स्वातंत्र्य मालकाचे, सरण मजुरांचे! गुळगुळीत पत्रक हाती पडताच कार्यकर्त्यांनी प्रथम विचारावे : याची बिदागी कोणी दिली?