जर्सीवरचे नाव आणि संघातले नाव



आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस जवळ आले की आमच्या सिल्लोडच्या अजिंठा रस्त्यावर पहाटे पोरे-पोरी धावताना दिसतात. कुणाची आई मका सोंगायला जाते, कुणाचा बाप मोंढ्यात हमाली करतो. पायात धड बूट नसतो, पण दम असा की बघत राहावे. मग एके दिवशी कॉलेजच्या फळ्यावर संघाची यादी लागते. चाचणीत पुढे असलेल्या पोराचे नाव त्यात नसते. पीटीचे सर मान खाली घालून सांगतात, "अरे, जर्सी त्या शेठजींनी दिल्या ना, त्यांचा भाचा घ्यावा लागला. तू पुढच्या वर्षी बघ."

हे आम्ही विहारात रविवारच्या वंदनेनंतर पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आता कोणत्या कॉलेजातले म्हणून विचारतही नाही. एका बापाने तर आम्हालाच विचारले, "साहेब, कबड्डीत एवढे काय ठेवलेय? नाही घेतले तर नाही घेतले." त्यांना आम्ही जे सांगितले तेच इथे लिहितो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र वरच्या पातळीवरच्या स्पर्धेत मिळते, आणि तिथे जाण्याची पहिली पायरी म्हणजे कॉलेजचा संघ. फळ्यावरच्या त्या यादीतून एक नाव गळाले, तर एका घराची भाकरी गळू शकते. म्हणून ही गोष्ट खेळापुरती नाही.

पैसेवाल्यांनी खेळाचा कारभार हाती ठेवायचा आणि गुणवानाने बाहेर बसायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचा हिंदू जिमखाना 1894 चा. एका व्यापारी घराण्याच्या देणगीवरून त्याला परमानंददास जीवनदास हे नाव पडले. त्याची सूत्रे सधन, उच्चवर्णीय मंडळींकडे होती. या जिमखान्याच्या संघात चर्मकार समाजाचे बाळू पालवणकर खेळत. त्याआधी ते पुण्यात इंग्रजांच्या क्लबातील मैदानावर रोलर ओढत. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे आणि पगार महिन्याला चार रुपये! फलंदाजी मात्र त्यांना कोणी करू देत नसे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंचा चेंडू चालला. चहाची वेळ झाली की बाळू मंडपाच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूचा विटाळ नाही आणि कपबशीचा विटाळ, हा कोणता धर्म, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

1911 साली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराज मोजकेच सामने खेळले. बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळले, आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा हक्क डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायलाच नकार दिला आणि आपली बाजू जाहीर मांडली. मंडळी हलली ती त्यानंतर. बाळू संघात परत आले, उपकर्णधार झाले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

हेच बाळू पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तो हिशेब निराळा. मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्याने लहान होत नाही.

राजेमहाराजांचा कारभार त्यानंतरही चालूच होता. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी क्रिकेट मंडळाला पन्नास हजार रुपये देऊ केले होते, त्या काळचे पन्नास हजार. 1936 च्या विलायत दौऱ्याचे कर्णधार तेच झाले. तीन कसोटी सामन्यांत त्यांच्या धावा झाल्या 33. आणि लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूला त्याच दौऱ्यातून पहिल्या कसोटीआधीच बोटीने घरी पाठवून दिले. आमच्या गल्लीत ज्या पोराची बॅट असते तो कधी आउट होत नाही. महाराजकुमार निदान आउट तरी होत होते.

कुणी म्हणेल, हे गुलामीच्या काळातले. पण आज अमेरिकेत पाहा, तिथे कॉलेजच्या खेळांवर कोट्यवधी डॉलर देणग्या येतात. 2000 साली ऑरेगन विद्यापीठ कारखान्यांतील कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एका संघटनेत सामील झाले. नाइके बूट कंपनीचे फिल नाइट त्या विद्यापीठाचे मोठे दाते. त्यांना हे खपले नाही. स्टेडियमसाठी कबूल केलेले तीन कोटी डॉलर त्यांनी अडवले. पुढच्या वर्षी विद्यापीठ त्या संघटनेतून बाजूला झाले आणि नाइटसाहेबांचा हात पुन्हा सैल झाला. आशियातल्या कारखान्यात बूट शिवणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न स्टेडियमच्या पायऱ्यांखाली गाडला गेला.

टेक्सास विद्यापीठात 2020 साली काळ्या खेळाडूंनी मागणी केली की विद्यापीठाचे जुने गाणे बंद करा. ते 1903 साली अशा कार्यक्रमात पहिल्यांदा गायले गेले, जिथे गोरे लोक तोंडाला काळे फासून काळ्यांची टिंगल करीत. देणगीदारांनी पत्रे धाडली की गाणे गेले तर पैसा बंद. गाणे राहिले. ज्या अमेरिकेने गुलामगिरी मोडली म्हणून महात्मा फुल्यांनी 1873 साली आपले पुस्तक तिथल्या लोकांना अर्पण केले, तिथेही देणगीचा लगाम असा असतो.

आता आपल्या कॉलेजकडे येऊ. आम्ही कारकुनी पेशाचे आणि वाणिज्य शाखेचे, तेव्हा खतावणीच्या भाषेत बोलतो. अनुदानित महाविद्यालयात मान्य पदांवरील प्राध्यापकांचा आणि क्रीडा संचालकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. काडेपेटी घेणारा मजूरही कर भरतो. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाकडून क्रीडा शुल्क घेतात, ते पावतीवर वेगळे लिहिलेले असते. पावती काढून बघा. म्हणजे जमेच्या बाजूला मोठी रक्कम कुणाची? जनतेची आणि मुलांची. शेठजींचे काय? पंधरा जर्सी, एखादी मॅट, बक्षिसाचे चषक आणि मांडवावरचा फलक. तेही चांगलेच. देणाऱ्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण थोड्या रकमेवर सगळा हक्क कसा काय?

याचे कारण आमच्या मते एकच. ती अट कुठे लिहिलेलीच नसते. 1913 साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, तेव्हा बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. अट कडक होती, पण कागदावर होती. दोन्ही बाजूंना ठाऊक होती, तिच्यावर बोलता येत होते. "भाच्याला घ्या" ही अट मात्र कोणत्याच कागदावर सापडत नाही, ती चहाच्या कपाबरोबर येते. तिच्याविरुद्ध दाद कुठे मागणार?

तेव्हा कागद मागायची सवय लावा. देणगीची पावती फाटली का, कॅशबुकात नोंद आहे का, ती स्वीकारताना काय ठराव झाला, निवड चाचणीचे गुणपत्रक कुठे आहे, निवड समितीत कोण होते. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिची वर्षातून निदान चारदा बैठक व्हावी लागते. तीत शिक्षक असतात, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी असतो, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव यांनाही जागा आहे. आपल्या समाजाचे कितीतरी लोक कॉलेजांत शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा सहायक आहेत. त्या एका जागेसाठी ते उभे राहतात का? बहुतेकदा म्हणतात, "नको, संस्थाचालकांचा रोष." पोटाची भीती आम्हाला समजते. पण विठ्ठल आणि शिवराम यांनाही क्रिकेट प्यारे होते, आणि तरी ते दोघे मिळून बाहेर बसले. एकट्याने बसण्यात आणि दोघांनी बसण्यात फरक पडतो. संघातल्या सात पोरांनी मिळून गुणपत्रक मागितले तर सरांनाही बरे वाटेल. कारण शेठजींना "नाही" म्हणायला त्यांनाही काही आधार हवाच असतो.

एवढ्यानेही कागद मिळाला नाही, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या कॉलेजला तो लागू होतो. साध्या कागदावर अर्ज करायचा, 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी. 30 दिवसांत उत्तर यायला हवे. "चाचणीत अन्याय का झाला" असे विचारू नका, "का" ला उत्तर मिळत नाही. "निवड चाचणीच्या गुणपत्रकाची प्रत आणि चालू वर्षात क्रीडा विभागास मिळालेल्या देणग्यांच्या नोंदीची प्रत द्यावी" एवढेच लिहा. अर्जाची पोच घ्या, तारखेसह, शिक्क्यासह. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवून ठेवा. ज्या पालकांना लिहायला अडचण आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे. कार्बन कागद आम्ही आणतो.