सहीच्या आधीचे प्रश्न

ऑपरेशनची तारीख पडली की घरात धीर देणाऱ्यांची रीघ लागते. ‘काही होत नाही गं, झोपायचं आणि उठायचं’, ‘आमच्या जाऊबाईंचंही झालं, आठवड्यात भाकऱ्या थापायला बसल्या’. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण एंडोमेट्रिओसिसचे निदान होऊन आयुष्यात पहिल्यांदाच ऑपरेशनला सामोऱ्या जाणाऱ्या बाईची भीती एवढ्याने सरत नाही, कारण तिच्या पोटात खरेखुरे प्रश्न असतात. आत नेमके काय आहे, काय काढणार, काय ठेवणार, मूल होईल का, दुखणे परत येईल का, आणि मी बेशुद्ध असताना बाहेर कोणाला काय विचारतील? या प्रश्नांची उत्तरे आदल्या आठवड्यात मिळाली तर आदली रात्र बरीच सोपी जाते.

आधी आजार समजून घ्यावा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढते. महिन्याच्या चक्रानुसार तिथेही सूज येते, रक्त झिरपते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुने रक्त साठून जी गाठ होते तिला तिच्या रंगावरून चॉकलेट सिस्ट म्हणतात. हा कर्करोग नाही. पाळीचे थोडे रक्त नलिकांतून उलटे पोटात जाते आणि तिथे रुजते, ही उपपत्ती जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडली. मात्र असे रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जाते आणि आजार काहींनाच होतो, त्यामुळे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत भारतीय रुग्णांवर यासंबंधी संशोधन सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या दहातल्या एका स्त्रीला, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार आहे. फाइलवरचा ‘स्टेज’चा आकडा पाहून घाबरण्याआधी हेही माहीत असावे की स्टेज आणि वेदना यांचे गणित जुळत नाही. चौथ्या स्टेजची एखादी बाई फारशी तक्रार न करता वावरते, तर पहिल्या स्टेजची मुलगी दर महिन्याला दोन दिवस जमिनीवर लोळते.

निदानाला इतका उशीर का होतो, हे काल्हेरसारख्या गावात नीट दिसते. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की गोदामे आणि नव्या टोलेजंग सोसायट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. गोदामांत माल वेगळा करणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या मुलींचे काम पूर्ण शिफ्टभर उभ्याने चालते. पाळीच्या दिवसांत मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी घ्यायची आणि कामावर जायचे, कारण खाडा झाला की रोज बुडतो. घरी आई सांगते, ‘मलाही दुखायचं, लग्न झाल्यावर थांबलं.’ लग्न झाल्यावर सासू सांगते, ‘एक मूल होऊ दे, आपोआप बरं होईल.’ गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काही काळ आराम पडतो एवढेच. बाळंतपण हा या आजारावरचा इलाज नाही. त्यातच पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी बऱ्याचदा ‘नॉर्मल’ येते आणि दुखणे मानसिक ठरवले जाते. जगभरात निदानाला चार ते बारा वर्षे लागल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे आजाराला नाव मिळते तेव्हा पुष्कळ बायकांना धक्क्याइतकाच सुटकेचाही अनुभव येतो. आपण नाटक करत नव्हतो, हे कागदावर आलेले असते.

निदान झाले म्हणजे लगेच ऑपरेशन, असे समीकरण नाही. पूर्वी दुर्बीण घातल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती अट सैल केली. आता लक्षणे, योनिमार्गे केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे गोळ्या सुरू करता येतात. औषध लागू पडत नसेल, गाठ मोठी असेल, मूल हवे असून राहत नसेल, आतडे किंवा मूत्रनलिका दाबली जात असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न ‘आत्ताच का?’ हा आहे. गाठ काढताना अंडाशयाचा निरोगी भागही थोडा जाऊ शकतो, त्यामुळे मूल हवे असलेल्या बाईने अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच तपासणीबद्दल आधीच बोलून घ्यावे. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला तर पहिले रागावतील अशी धास्ती आपल्याकडे फार. रागावले तर रागावोत.

या सगळ्या भीतींत सर्वांत खोल रुतलेली भीती आहे ‘पिशवी काढून टाकतील’ ही, आणि महाराष्ट्रात तिला कुणी हसू नये. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा नको, पाळीची कटकट नको, हा हिशेब बायकांच्या शरीरावर लिहिला गेला होता. एंडोमेट्रिओसिस तर गर्भाशयाच्या बाहेर असतो. त्यामुळे पिशवी काढली की दुखणे संपलेच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

‘मला न विचारता पिशवी काढतील का’ या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर एंडोमेट्रिओसिसच्याच एका प्रकरणातून आले आहे. दिल्लीतल्या समीरा कोहली १९९५ मध्ये ४४ वर्षांच्या आणि अविवाहित होत्या. लांबलेल्या रक्तस्रावासाठी त्यांची दुर्बिणीने तपासणी ठरली. त्या भुलेखाली असताना आत एंडोमेट्रिओसिस दिसला. बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय, नलिका सारे काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला की सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल, तर तिच्या वतीने दुसऱ्या कोणाची सही चालत नाही आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य राखण्यासाठी लगेच करावेच लागेल तेवढाच याला अपवाद. भरपाई मिळाली अवघी २५ हजार रुपये, पण निकालाचे मोल त्याहून पुष्कळ मोठे आहे.

याच निकालाने तपासणी आणि उपचार या दोन्हींसाठी एकत्रित संमती घ्यायला मुभाही दिली आहे. दुसऱ्यांदा भूल देणे टळत असल्याने ती सोयीची असते. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यात काय काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, इंग्रजीत असेल तर मराठीत किंवा हिंदीत समजावून मागावे, आणि ‘गाठ काढा, पण मला विचारल्याशिवाय अंडाशय किंवा गर्भाशय काढू नका’ असे म्हणणे असेल तर ते त्याच कागदावर लिहवून घ्यावे. सही तिची. नवऱ्याची सही रुग्णालये मागतात, पण सज्ञान बाईच्या ऑपरेशनला त्याची परवानगी कायद्याला लागत नाही.

प्रत्यक्ष दिवसाची भीती बरीचशी ‘हे का करतात’ हे माहीत नसल्याची असते. नखांचे पॉलिश पुसायला सांगतात, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा असतो. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र उतरवायला लावतात तेव्हा अनेकींचे डोळे भरतात आणि सासू अपशकुन म्हणते. पण शस्त्रक्रियेत विजेचे उपकरण वापरतात आणि धातूमुळे त्वचा भाजू शकते, एवढेच त्यामागे आहे. उपाशी ठेवतात ते भुलेखाली पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. साधारणपणे जेवणानंतर किमान सहा तास आणि पाण्यानंतर दोन तास पुरतात, पण नेमकी वेळ भूलतज्ज्ञच ठरवतील. त्यांची भेट आदल्या दिवशी होईल ना, हे विचारून ठेवावे. दमा, ॲलर्जी, चालू गोळ्या, हलणारा दात, सगळे त्यांना सांगायचे.

जाग आल्यावर कधी पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो आणि काहीजणी हृदयविकाराच्या शंकेने घाबरतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. उरलेला वायू श्वासपटलाला चुरचुरतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. ताप, सतत उलट्या, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी किंवा फुगणारे पोट असेल तर मात्र वाट पाहू नये, त्याच रात्री फोन करावा. डिस्चार्ज घेताना ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा अहवाल मागून घ्यावा. आजार परत डोके वर काढू शकतो, म्हणून नंतरही गोळ्या देतात, आणि पुढच्या डॉक्टरांना आत काय सापडले होते हे त्या कागदांतूनच कळते.

उरतो पैशाचा आणि रजेचा प्रश्न, जो काल्हेरमध्ये वैद्यकीय प्रश्नाइतकाच भारी आहे. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत या आजाराला दोन वर्षांची प्रतीक्षा असते. निदान झाल्यावर घाईने काढलेली पॉलिसी इथे उपयोगी पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. गोदामातल्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल, तर उपचारांबरोबर आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. ठेकेदार कपात करतो पण भरतो का, हे ऑपरेशनच्या आठवड्यात नव्हे, आजच तपासावे. आणि ‘किती दिवस वजन उचलायचे नाही’ हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे, कारण सुपरवायझरला तोंडी सांगितलेले टिकत नाही.