जुनी सायकल नवी करू नये

मंडळी, हे शीर्षक वाचून आमचे चिरंजीव पुन्हा वाद घालणार, ठाऊक आहे मला. पण माझं मत ठाम आहे. जुनी सायकल चालती करावी, नवी करू नये.

उल्हासनगरच्या कॅम्पात एका भंगारवाल्याकडे मला एक रॅले मिळाली. नॉटिंगहॅमची, विलायती. अडीच हजारात घासाघीस थांबली. (सौ.ला मी आकडा थोडा कमी सांगितला आहे, तिने हे वाचू नये.) पुढे पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं, ब्रेक सळईचे, चाकं अठ्ठावीस इंची. पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. वजन मागच्या चाकावर जास्त पडतं म्हणून इंग्रजांनी केलेली ही विभागणी. शाळेत शिकवत असतो तर यावर मुलांना एक छान गणित घातलं असतं! मागच्या मडगार्डवर कुणीतरी पांढऱ्या रंगात, ब्रशने, सावकाश काढलेली दोन अक्षरं आहेत : 'वि. रा.' कोण हे वि. रा., देव जाणे. पाळीच्या वेळी अंबरनाथच्या ऑर्डनन्सकडे सायकलींची रांग लागायची, ती माझ्या पिढीने पाहिलेली आहे. त्यातलेच एक असतील किंवा नसतीलही.

चिरंजीवांचं म्हणणं असं, की "बाबा, पूर्ण सोलून पावडर कोटिंग करून घेऊ, दांडे क्रोम करू, शोरूमसारखी दिसेल. खर्च माझा." प्रेमाने म्हणतो तो, यात वाद नाही. पण पावडर कोटिंग करायचं तर आधी वाळूच्या फवाऱ्याने सगळा मूळ रंग खरवडून काढतात. म्हणजे भट्टीत भाजलेला तो काळा रंग गेला, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा गेल्या, आणि वि. रा. पण गेले. मग उरलं काय? जुन्या लोखंडावर नवा रंग. तसा तर लुधियानाचा नवा रोडस्टर आजही दुकानात मिळतो की!

आणि क्रोमचं म्हणाल तर त्याबद्दल आपल्या भागातल्या माणसाने तरी दोनदा विचार करावा. क्रोम चढवण्याच्या हौदातलं पाणी विषारी असतं, ते शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नसतं. आमची वालधुनी काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या साडेनऊशे वर्षं जुन्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरात शिरते. पुढे तिचं काय होतं ते रेल्वेच्या खिडकीतून नाक असलेल्या प्रत्येकाला कळतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी तिच्यात चोरून रसायन ओतलं आणि शेकडो माणसांचा श्वास कोंडला. सगळे कारखानदार तसे नसतात, मान्य आहे. पण गल्लीतल्या स्वस्त प्लेटिंगचं पाणी कुठे जातं हे मला कुणी सांगत नाही, तोवर माझे दांडे डागाळलेलेच बरे.

आता "चालती करणे" म्हणजे काय? आमच्या भाषेत 'ओव्हरऑइलिंग'. (इंग्रजी शब्द वेगळा आहे हे मला माहीत आहे, पण आपला जास्त अर्थपूर्ण आहे.) अंबरनाथला एक मिस्त्री आहेत. बसायला पोतं, आणि टपरीच्या बाजूला पंक्चर बघायची पाण्याची घमेली. त्यांनी सायकल पाहिली, क्रँक हलवला आणि म्हणाले, "सर, हिचे कप काढायचे नाहीत. रॅलेचे आटे बारीक असतात, बाजारातला कप बसणार नाही." मी घरी येऊन पुस्तकात पाहिलं. खरंच, बाकीच्यांचे इंचाला २४ आटे आणि रॅलेचे २६! म्हणून कप तेच ठेवले आणि छर्रे फक्त बदलले, पाव इंची, दोन्ही बाजूंना अकरा अकरा. कॉटर पिन नव्या, ब्रेकचे रबर नवे, टायर-ट्यूब नवी, दोन्ही चाकांचा आऊट काढला. रोडस्टर अजून बनते, त्यामुळे हे सगळं साध्या दुकानात मिळतं. रंगाला फक्त सौम्य साबणाचं पाणी, मग मेण. गंजाला रॉकेलऐवजी (ते आता मिळतं कुठे?) मशीनचं तेल आणि तीन संध्याकाळी.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ पासून. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने काढलेली घडीची सायकल तिथे आहे. जरूर जाऊन या, नातवंडांना घेऊन जा. अशा दुर्मीळ वस्तू काचेआड किंवा दोरीआडच हव्यात, त्याला माझी ना नाही. माझा राग आहे तो हॉटेलांच्या भिंतींवर. चांगली सायकल गुलाबी रंगवायची, चेन काढायची, खिळ्याला टांगायची आणि खाली दोनशे रुपयांची कॉफी विकायची. बरं, एकीकडे ही हौस आणि दुसरीकडे अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी! मिस्त्रींच्या टपरीवर मी बसलो त्या दोन तासांत तीन गिऱ्हाइकं आली, तिन्ही लहान मुलांच्या सायकली. त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्तीत गेला. आटे ओळखणारा हात पुढच्या वेळी मला मिळेल की नाही, शंका आहे. सायकल भिंतीवर गेली की मिस्त्रीची गरजच संपते, हे कुणी लक्षात घेत नाही.

असो. चिरंजीवांशी तह झाला आहे. त्याच्या पैशांतून चामड्याची सीट आणि एक चांगला दिवा घेतला. मडगार्डला हात लावायचा नाही, एवढी माझी अट. सकाळी सहाला, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत, बदलापूर गावाकडे एक फेरी होते. पावसाळ्यात मात्र मी तिला बाहेर काढत नाही. ओल्या लोखंडी रिमवर सळईचे ब्रेक धरत नाहीत, आणि आमच्या रस्त्यांवर खड्डा कुठला आणि डबकं कुठलं ते सत्तरीच्या डोळ्यांना वेळेवर दिसत नाही.