आयपी ६६ आणि खारा वारा

मांद्रे इथल्या एका गेस्ट हाऊसवाल्याने परवा बाहेरच्या पंप-पॅनेलचं कोटेशन मला दाखवायला पाठवलं. सोळा गेजचा एमएस पत्रा, पावडर कोटिंग, आयपी ६६, आणि खाली ठसक्यात एक ओळ: 'किनारपट्टीसाठी योग्य'. ही ओळ लिहिणाऱ्याने एक तर किनारा पाहिलेला नाही, नाहीतर आयपीचं मानक वाचलेलं नाही.

पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा ६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १०० लिटर पाणी किमान तीन मिनिटं मारलं तरी आतल्या सामानाला अपाय होणार नाही. ही परीक्षा कोऱ्या पेटीची, तीही गोड्या पाण्याने. गंजाविषयी हे दोन आकडे अवाक्षर काढत नाहीत.

तरी आपल्याकडे पेडण्याला आणि डिचोलीला एकच स्पेसिफिकेशन जातं. तीच आरएएल ७०३२ शेडची करडी पेटी मोरजीला आणि तीच मुळगावला. गाडीने तासाभराचं अंतर, पण पेटीच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश आहेत.

हिशेबच मांडू. आयएसओ ९२२३ हे मानक हवेचे गंजाच्या दृष्टीने वर्ग पाडतं. समुद्राला लागून असलेल्या जागा साधारण सी-५ मध्ये धरतात. तिथे जस्ताचा थर वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतो. आत, सी-३ मध्ये, ०.७ ते २.१. आता बाजारात 'जीआय' म्हणून सर्रास मिळणारा १२० जीएसएमचा पत्रा घ्या. ते १२० ग्रॅम दोन्ही बाजू मिळून असतात, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. उघडा ठेवला तर किनाऱ्यावर एक-दोन वर्षांत जस्त संपलं! तोच पत्रा सी-३ मध्ये चार ते बारा वर्षं काढेल. पेटी तयार झाल्यावर हॉट डिप केली तर थर सरासरी ५५ मायक्रॉनचा बसतो आणि किनाऱ्यावरही निदान सहा-सात वर्षांची बेगमी होते. डिचोली सी-३ की सी-४ यावर खुशाल वाद घाला. ती मोरजी नाही, एवढं नक्की.

डिचोलीचा शत्रू निराळा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या खाणींपैकी तिथला पट्टा पुन्हा सुरू झाला आणि ट्रकांबरोबर लाल धूळही परतली. पिळगाव-सारमानसच्या रस्त्यावर हवेसाठी जाळ्या ठेवलेली पेटी लावली तर आत टर्मिनलवर थर बसतो, मृगाची ओल त्याला लागते आणि करंटला गळायला वाट मिळते. इथे तो पहिला ६ खरोखर कामाचा. पावडर कोटिंगचा साधा एमएस पत्रा इथे चालतो. अट दोनच: कोटिंगच्या आधी सेव्हन टँक धुलाई झालेली असावी आणि गॅस्केट वेळेवर बदललं जावं.

म्हणून स्टेनलेस स्टील सगळीकडे, असं म्हणणारेही भेटतात. चकाकीवर जाऊ नका. ३०४ आणि ३१६ दिसायला जुळे. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाशी लढतं ते हेच. हरमलला ३०४ वर तपकिरी डाग पडतात, आणि गंमत म्हणजे पावसाने धुतली जाणारी बाजू बरी राहते, छपराखालची आधी बिघडते. तिथलं मीठ कोणी धूतच नाही. ३१६च्या पेटीला एमएसचे बोल्ट लावणारे महाभाग तर वेगळेच. पैसे पेटीला मोजायचे आणि दार बोल्टांच्या भरवशावर सोडायचं.

वरून भोक पाडण्याबद्दलचं माझं तुणतुणं वाचकांना पाठ आहे, तरी वाजवतोच. लाखभराची पेटी येते, वायरमन होल सॉ काढतो आणि केबल डोक्यातून आत घालतो. कापलेल्या कडेला ना जस्त, ना रंग. पाणी सरळ बसबारवर. तिथे आयपी ६६ची आयपी ०० झाली. माझा संशय असा की गोव्यातल्या निम्म्या 'गंजलेल्या' पेट्या या भोकांनीच मारल्या आहेत. आकडेवारी मागू नका, डोळे उघडे ठेवून फिरा.

शिवाय घट्ट बंद पेटीही श्वास घेते. दुपारी तापते तेव्हा आतली हवा बाहेर पडते. सर आली की पेटी थंडावते आणि ओलसर हवा आत ओढते. म्हणून तळाला ब्रीदर-ड्रेन हवा. कोटेशनमध्ये तो नव्हता.

गेस्ट हाऊसवाल्याला मी लिहिलं: ३१६ घ्या, नाहीतर हॉट डिप करून वर कोटिंग, बोल्ट-बिजागऱ्या पेटीच्याच धातूच्या, केबल खालून, तळाला ड्रेन. महाग पडेल. पण विक्रेत्याला आधी एकच विचारा, जस्ताचा थर किती मायक्रॉन? उत्तरात पुन्हा आयपी ६६ आलं तर दुसरं दुकान बघा.