डोळे मिचकावा, तरच खाते!

अंध माणसाचा मोबाईल बोलतो, हे आता नवल राहिलेले नाही. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू केले की पडद्यावरचा मजकूर कानावर पडतो. रिझर्व्ह बँकेने २०२० साली आणलेले 'मनी' अ‍ॅप नोट किती रुपयांची ते सांगते.

मग अडते कुठे? अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल तर फोन नुसता 'बटण' म्हणून गप्प बसतो. पैसे पाठवायचे की रद्द करायचे, कळणार कसे? केवायसी करताना तर डोळे मिचकावून दाखवा, असे फर्मान सुटते. ज्याला दृष्टीच नाही त्याच्यावर ही अट लादायची आणि वर 'बिचारा' म्हणून हळहळायचे! आम्ही याला बहिष्कारच म्हणतो.

एक अंध वकील आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४६ तर खाजगी कंपन्यांनाही सुगम्यतेचे नियम बंधनकारक करते.

पण कागदावरचा हक्क झगडल्याशिवाय पदरात पडत नाही, हे चळवळीच्या माणसाला सांगायला नको. वस्तीतल्या अंध बांधवाचे काम अडले, तर त्याचा फोन हातात घेऊन ते उरकून देऊ नका. त्याच्यासोबत राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.